पाय धुण्याची ओळ

नंदुरबारच्या मिशन बंगल्यात मी अकरा वर्षं नोकरी केली असं म्हटलं, की ऐकणारा हमखास विचारतो, "म्हणजे मास्तर, तुम्ही बाटलात?" मी नाही म्हणतो. मग दुसरा प्रश्न येतो, "मग तिथं करत काय होतात?" याचं उत्तर आजवर मी दोन वाक्यांत उरकत आलो. यंदा या अंकाच्या संपादकांनी पानं मोकळी ठेवली आहेत, तेव्हा एकदा नीट सांगतो.

मी भाषांतर करत होतो. बायबलमधल्या गोष्टी आमच्या अहिराणीत उतरवायच्या, हे माझं काम. मराठीत ते पुस्तक तेव्हाही मिळत होतं. जाडजूड, काळ्या पुठ्ठ्याचं. पण ते मराठी पडलं पुस्तकी. आमच्याकडे 'आहे' हा शब्द शाळेत आणि कचेरीत. घरी 'शे'. धानोऱ्याच्या बाजारात मिशनच्या साहेबांनी एकदा त्या जाड पुस्तकातून अर्धा तास वाचून दाखवलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी एक भाजीवाली म्हणाली, "साहेब, तुम्हना देशनी बोली गोड शे, पन आम्हले काय समजनं नही."

साहेबांनी मराठी शिकायला चार वर्षं घातली होती. ते तसेच चालत शाळेत आले. धानोऱ्याच्या त्या शाळेत मी मास्तर होतो. त्यांनी मला विचारलं, "मास्तर, मी आता कोणता भाषा बोललो?" त्यांचं मराठी शुद्ध, पण लिंग मात्र घसरायचं. मी म्हटलं, "मराठी." "मग ती बाई कोणता बोलली?" माझी नजर कोपऱ्याकडे गेली. कारण 'शे' म्हटल्याबद्दल त्याच सकाळी मी एका मुलीला कोपऱ्यात उभं केलं होतं. ज्या बोलीत माझ्या आईनं मला जेवायला हाक मारली, ती बोली भाषा आहे हे मला एका परक्या माणसानं विचारल्यावर सुचलं. त्याची लाज अजून वाटते. महिन्याभरात मी शाळा सोडली आणि बंगल्यावर गेलो.

काम चालायचं ते असं. लांब टेबलाच्या एका टोकाला साहेब. त्यांच्यापुढे मूळ ग्रीक पुस्तक, इंग्रजी पुस्तक आणि मराठी पुस्तक. दुसऱ्या टोकाला मी, कोरे कागद घेऊन. साहेब अर्थ सांगायचे, मी तो अहिराणीत मांडायचो, मग दोघांत वाद. पण शेवटचा शब्द आमच्या दोघांचाही नसे. तो जमनाबाईचा.

जमनाबाई मिशनच्या दवाखान्यात पट्ट्या आणि चादरी धुवायची. तापीकाठची विधवा, पन्नाशी उलटलेली, अक्षरओळख नाही. दुपारी धुणं वाळत घालून ती टेबलाजवळ जमिनीवर येऊन बसायची. मी उतारा वाचायचा आणि तिनं तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. ती अडखळली की चूक आमची. पहिल्याच दिवशी माझा अभिमानाचा उतारा ऐकून ती म्हणाली, "हाई देवनं बोलनं नही. हाई मास्तरनं बोलनं शे." मी कागद फाडला आणि पुन्हा लिहायला बसलो.

शब्दांसाठी आम्ही हिंडलोही फार. शंभर मेंढरांतलं एक हरवतं आणि धनी बाकीची सोडून त्याच्यामागे जातो, ही गोष्ट आली तेव्हा जमनाबाईनं सांगायलाच नकार दिला. "येक करता बाकीना सोडी दिन्हात? असा कसा धनी?" कापणी होऊन गेली होती आणि कोरीटच्या शिवारात ठेलारी मेंढरं घेऊन बसले होते. आम्ही तिघं बैलगाडीनं तिथं गेलो. एका म्हाताऱ्या ठेलाऱ्याला साहेबांनी विचारलं, "शंभरातला एक हरवला तर बाकीच्यांचं काय करता?"

म्हातारा साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "बाकीच्यांचं काय करायचं? ती एकमेकाला धरून उभी राहतात. कुत्री आहेत, बायको आहे. हरवलेलं कोकरू मात्र ओरडत सुटतं. ते ओरडणं मला ऐकू येतं, तसंच लांडग्यालाही येतं. म्हणून पळावं लागतं."

साहेब वहीत लिहायचं विसरले. जमनाबाई परतीच्या वाटेवर गाडीत एकदम म्हणाली, "मंग बराबर शे." दुसऱ्या दिवशी तिनं ती गोष्ट अशी सांगितली, की साहेबांच्या मडम आतून येऊन दारात उभ्या राहिल्या. त्या उताऱ्यातला 'पळना' हा शब्द तिचा. आम्ही 'गया' लिहिलं होतं.

माझा दुसरा पारखी कोरीटला होता. माझे काका. वडील लवकर गेल्यामुळे घराचे कर्ते तेच. तापीकाठची चांगली जमीन, दोन बैलजोड्या, आणि वर्षाच्या बोलीवर राबणारे तीन सालदार. काकांना माझी नोकरी आवडत नव्हती, पण गोष्टी आवडायच्या. रविवारी मी घरी गेलो, की ओट्यावर बसून, "काय नवं लिखं?" असं दुसरीकडे बघत विचारायचे. पेरणाऱ्याची गोष्ट वाचली तेव्हा ते भडकले. "वाटवर बी टाकस, खडकवर टाकस, काटामां टाकस! पाभर नही का त्यानाकडे? असा सालदार मी येक दिन ठेवाऊ नही." मी सांगितलं की त्या मुलखात बी हातानं फेकत. ते म्हणाले, "मंग जमीन तरी किती व्हती त्यानी?" याचं उत्तर मूळ पुस्तकातही नव्हतं.

त्या सालदार शब्दानंच पुढे घोळ झाला.

योहानाच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. शेवटच्या जेवणाच्या वेळी गुरू उठतो, कमरेला टॉवेल बांधतो, घंगाळात पाणी घेतो आणि शिष्यांचे पाय धुतो. आपल्याकडे घरी आलेल्याला पाय धुवायला तांब्याभर पाणी द्यायची रीत आहे. पण खाली बसून दुसऱ्याचे पाय आपल्या हातानं धुणं, तेही धन्यानं, हे कुणी पाहिलेलं नाही. हे काम कोणाचं, असं आम्ही जमनाबाईला विचारलं. तिनं क्षणभरही न थांबता सांगितलं, "सालदारनं." मी तसंच मांडलं: जे काम सालदारनं, ते मालकनी कयं. जमनाबाईनं तो उतारा परत सांगितला. सांगून झाल्यावर ती बराच वेळ पदराला बोटं पुसत बसली. पाणी तिच्या बोटांना लागलेलंच नव्हतं.

त्या रविवारी मी तो कच्चा कागद काकांपुढे वाचला. ओट्याखाली त्यांचा जुना सालदार गोमा दोर वळत बसला होता. त्याचे हात थांबलेले मला दिसले. काकांनाही दिसले.

"हाई गावमां वाचशी?" काकांनी विचारलं.

"छापीसन वाटनार शेतस, काका."

"मंग माले म्हसावदले जावानं नही."

म्हसावदला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. बोलणी काकांनीच धरलेली होती. ते गेले नाहीत तर ते स्थळ हातचं गेलंच म्हणून समजा.

छापखान्यात द्यायची पक्की प्रत मीच लिहीत असे. साहेब ती वरवर चाळून सही करायचे, कारण तोवर त्यांनी माझ्यावर कधी अविश्वास दाखवला नव्हता. मी प्रत लिहायला बसलो. सालदार शब्दाची ओळ गाळली. आणि 'त्यानी पाय धुयात' याच्या जागी लिहिलं, 'त्यानी पाय धवाले पानी दिन्हं.' बस, एवढंच. वाचणाऱ्याला काही खटकणार नाही अशी ती ओळ होती. कुठल्याही भल्या घरात होते तशी गोष्ट. लिहिताना हात जरासुद्धा कापला नाही, हे मुद्दाम सांगतो. आपण वाईट करतो आहोत असं वाटलं तर माणूस थांबेल. मला वाटत होतं, मी शहाणपण करतो आहे.

कागद धुळ्याहून छापून आले. चार पानांचे, पिवळट. धानोऱ्याला, कोरीटला, आजूबाजूच्या पाच-सहा गावांच्या बाजारात वाटले गेले. काका म्हसावदला गेले आणि सुपारी फोडून आले. मी सुखात होतो.

पंधरवड्यानं एका दुपारी जमनाबाई टेबलाजवळ आली ती डोळ्यांवर चष्मा लावून. चष्मा मडमचा जुना, एका बाजूला दोऱ्यानं बांधलेला. हातात तो पिवळट कागद. ती खाली बसली, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचू लागली. एकेक अक्षर सुटं, पण चुकत नव्हती. मी थक्क झालो. साहेब तर खुर्चीतून उठलेच. मुलींच्या शाळेत मागच्या चटईवर बसून ती वर्षभर बाराखडी गिरवत होती, आणि हे आम्हा दोघांनाही तिनं कळू दिलं नव्हतं.

"काबर शिकनात जमनाबाई?" मी विचारलं.

"दुसरानं तोंडघाई किती दिन ऐकसू?" ती म्हणाली. "माले मन्हं देखानं व्हतं."

मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं. ती ओळ तिनं दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तर, आठे पानी दिन्हं असं शे. तुम्ही वाचं तव्हय त्यानी पाय धुयात. छापखानावालानी चूक कयी का?"

तिच्या बोलण्यात संशय नव्हता. तिनं मला सुटायची वाट आपणहून काढून दिली होती आणि मी त्या वाटेनं निघून गेलो. म्हटलं, "हां, छापखान्याचीच चूक दिसते."

साहेबांनी कागद हातात घेतला. वाचला. त्यांचा गोरा चेहरा लाल झाला. त्यांची मराठी पत्रं मीच लिहायचो. त्यांनी मला कागद घ्यायला सांगितलं आणि फेऱ्या मारत मजकूर सांगू लागले. आपल्या छापखान्यात आमच्या प्रतीशी प्रामाणिकपणा राखला गेला नाही. हा हलगर्जीपणा क्षम्य नाही. ज्याने हे पान जुळवले त्याला पुन्हा आमच्या कामावर बसवू नये.

इथं माझी लेखणी थांबली. तो जुळारी मी एकदा पाहिला होता. बारीक माणूस, खिळे वेचून वेचून बोटांची टोकं काळी पडलेली. अहिराणीचं जोडाक्षर कसं बसवायचं म्हणून त्यानं मला दोनदा पत्रानं विचारलं होतं. मी लिहिलेलं अक्षर न् अक्षर त्यानं जसंच्या तसं जुळवलं होतं आणि त्याबद्दल मी त्याचं काम काढून घेत होतो, स्वतःच्या वळणदार अक्षरात.

"साहेब," मी म्हटलं, "त्याची चूक नाही. मी बदललं."

साहेब फेऱ्या मारायचे थांबले. जमनाबाईनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. मी कोरीट, काका, म्हसावद, सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी एकच विचारलं, "तुम्हाला ते पटला नाही म्हणून बदललं, की भीती वाटला म्हणून?"

"भीती वाटली."

"मग बरं आहे. पटला नसता, तर आपण दोघांना पुन्हा बसून बोलावं लागलं असतं. भीतीसाठी बोलायला नको, चालायला पाहिजे." त्यांनी दौत उचलून माझ्यापुढे ठेवली. "जिथं जिथं कागद गेला, तिथं तुम्ही जा. स्वतःच्या हातानं ओळ नीट करा. आणि करताना वाचून दाखवा."

मी जमनाबाईकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती, पण नवलानं बघत होती, जणू मी तिला आजच भेटलो होतो. "मी वाचाले नही शिकतू," ती म्हणाली, "ते हाई असंच चालतं?"

या प्रश्नाला आजही माझ्याकडे एकच उत्तर आहे. हो, चाललं असतं.

आठ दिवस मी दौत-टाक घेऊन फिरलो. लोक कागदाचं काय काय करतात ते तेव्हा समजलं. कुणी भिंतीवर चिकटवला होता, कुणी कणगीच्या झाकणाला लावला होता, एकीनं लसणाची पुडी बांधली होती. ती पुडी सोडवून मी ओळ खोडली, वर नवी लिहिली, वाचून दाखवली. बहुतेक ठिकाणी लोक हसले. काही ठिकाणी, "परत वाचा," म्हणाले.

कोरीट मी शेवटी ठेवलं.

काका ओट्यावर बसले होते. मी खाली उभा राहून म्हटलं, "ज्यांच्याकडे तो छापील कागद असेल त्यांनी आणा." काकांच्या घरात नव्हताच. गोमा गोठ्यात गेला आणि आढ्यात खोचलेला कागद घेऊन आला. त्याला वाचता येत नव्हतं. बाजारात कुणाकडून तरी एकदा ऐकला होता. मी ओट्याच्या पायरीवर कागद ठेवला, जुनी ओळ खोडली, गाळलेली आणि बदललेली दोन्ही वाक्यं वर लिहिली आणि मोठ्यानं वाचली. जे काम सालदारनं, ते मालकनी कयं. त्यानी पाय धुयात.

गोमानं विचारलं, "मास्तर, पहिले काय व्हतं?"

"पाय धवाले पानी दिन्हं, असं व्हतं."

"ते कोनी लिखं?"

"मी."

"अन् हाई?"

"हाई बी मीच. पन खरं हाई शे. पहिलं मी भीसन लिखं व्हतं."

गोमानं कागद परत घेतला, शाई वाळेपर्यंत दोन्ही हातांवर आडवा धरून उभा राहिला. काकांचं तोंड बघायची माझ्यात हिंमत नव्हती.

"तुले मी सांगं व्हतं ना?" काका म्हणाले.

"हां काका."

"तरी उना."

"हां."

मला वाटलं, आता उठतील आणि आत जातील, आणि म्हसावदचं जमलेलं मोडेल. काका उठले नाहीत. पंच्यानं पायावरची धूळ झटकली आणि स्वतःच्याच पायांकडे बघत म्हणाले, "त्यास्मां येक बी जन नको म्हने नही? मी ऱ्हातू ते पाय वढी लेतू. मालकनी पाय धवाना म्हंजे काय!"

मी चकित झालो. कारण मूळ पुस्तकात अगदी हेच आहे. एक शिष्य नकार देतो आणि म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. हे काकांना कुणीही सांगितलेलं नव्हतं.

"म्हने, काका," मी म्हटलं. "येक जन म्हने."

"मंग?"

"ते पुढे शे. अजून लिखेल नही."

"मंग लिख ना," काका खेकसले. "अर्धी गोट सांगीसन कोनी जास का?"

म्हसावदचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. काकांनी माझ्याशी त्या ओळीविषयी पुन्हा शब्द काढला नाही. सालदारांशी त्यांची वागणूक बदलली असं मी म्हणणार नाही; ते होते तसेच कडक राहिले. पण रविवारी गोमाला दोर वळायला ओट्याखाली न बसवता पायरीवर बसवायचे, का तर म्हणे तिथं उजेड बरा.

योहानाचं सगळं पुस्तक पुरं व्हायला पुढे दोन वर्षं लागली. स्वच्छ प्रत तयार झाली. साहेबांनी ती वरच्या मंडळींकडे मोठ्या शहरात पाठवली, आणि चार महिन्यांनी प्रत परत आली, सोबत पत्र. अहिराणी ही मराठीचीच बोली असल्याने तिच्यासाठी वेगळं पुस्तक छापणं योग्य वाटत नाही. शाळा वाढत आहेत, काही वर्षांत सर्व लोक मराठीच वाचू लागतील. साहेबांनी पत्र मला वाचायला दिलं आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. पत्रातलं मराठी शुद्ध होतं.

जमनाबाईनं विचारलं, "काय लिखेल शे?"

मी सांगितलं.

"ज्यास्नी लिखं, ते लोके आठे कधी उनात का?"

"नही."

तिनं चष्मा लावला, दोऱ्याची गाठ कानामागे नीट बसवली आणि टेबलावरच्या गठ्ठ्याकडे हात केला. "मंग त्यास्नं ऱ्हाऊ द्या. ते आखरीनं पान द्या इकडे. मन्हं वाचानं बाकी शे."